रविताला आणायला समुद्रावर

६ जानेवारी, मंगळवार

ही डायरी कृषी केंद्रवाल्याने दिली होती. मागच्या वर्षीची आहे, म्हणून वार खोडून नवीन लिहून राहिली. रविताचे बाबा म्हणाले, एवढ्या दूर चालली तर रोज लिही, आल्यावर मी वाचीन. त्यांना वाचायला देणार नाही. नवऱ्याला दाखवायचं म्हटलं की मग खरं काय लिहिणार, कप्पाळ?

परवा मी विमानात बसणार. मी, रामकली उदेलाल बिसेन, वय एकावन्न, दहावी पास. बोदलकशाच्या तलावाहून मोठं पाणी आजवर पाहिलं नाही. माझी एकुलती एक पोरगी रविता कॅरिबियन समुद्रात ग्रेनाडा नावाच्या बेटावर शिडाच्या बोटीवर नोकरी करते. हॉटेलचं शिकायला नागपूरला गेली, नोकरीला गोव्याला गेली, तिथे पाण्याखाली जायचं शिकली आणि आता दोन वर्षं झाली, पाठीवर हवेची टाकी बांधून लोकांना समुद्राच्या तळाशी मासे दाखवते. गावात कोणी विचारलं तर मी सांगते, हॉटेलात मॅनेजर आहे. मासे दाखवते म्हटलं तर बाया हसतील. मासे तर आमच्या बाजारात टोपलीत दिसतात, त्यासाठी पाण्यात कायले जायचं?

तिने तिकीट पाठवलं. आई ये, दहा-बारा दिवस माझ्यासोबत बोटीवर राहा. तिला वाटते आई फिरायला येऊन राहिली. मी तिला आणायला चालली आहे. तिरोड्याच्या जागेश्वरभाऊंचा मुलगा पाहून ठेवला. तिथल्याच विजेच्या प्लांटमध्ये नोकरी आहे, घर चांगलं आहे, पोरगा खाली मान घालून बोलतो. फोटो माझ्या बॅगेत गोळ्यांच्या डब्याखाली ठेवला. रविताच्या बाबांना बजावलं, जागेश्वरभाऊंना फोन करून सांगा, फेब्रुवारीत पोरगी घरी राहील, पाहायला या. ते म्हणाले, "करतो ना."

त्यांना सोबत चला म्हटलं तर म्हशींचं निमित्त सांगितलं. विमानाला भेतात, दुसरं काही नाही.

८ जानेवारी, गुरुवार

नागपूर विमानतळ. रविताच्या बाबांनी निघताना डोळे पुसले आणि म्हणाले, डोळ्यात धूळ गेली. एवढ्या चकाचक फरशीवर कुठची धूळ बाप्पा! मी पिशवी उचलून चालायला लागली. बोलली असती तर मीही रडली असती.

१० जानेवारी, शनिवार

पोहोचली! जिवंत आहे.

रविताने इंग्रजीत एक चिठ्ठी लिहून पाठवली होती. ही माझी आई आहे, हिला ग्रेनाडाच्या विमानात बसवून द्या. मी ती प्लास्टिकमध्ये घालून गळ्यात अडकवली. मुंबईत दाखवली, लंडनला दाखवली, ज्याने वाचली तो हसला आणि पुढच्या माणसापर्यंत हात धरून पोचवून आला. पार्सलसारखी आली मी. पण पार्सल हरवते, मी नाही हरवली.

पोरगी उन्हाने पार रापली आहे. केस कानापर्यंत कापले. दंड मात्र असे भरले की धानाचं पोतं एका हाताने उचलेल. मी म्हटलं, "अवं, हे काय करून घेतलं केसांचं?" ती म्हणाली, "आई, अजून विमानतळाबाहेर तर निघू दे." आणि मिठी मारली ती सोडेचना.

तिच्या खोलीवर आल्यावर माझं डोकं ठणकायला लागलं. मी पलंगावरूनच सांगितलं, बॅगेत गोळ्यांचा डबा आहे, दे. तिने खूप वेळ लावला शोधायला. गोळी आणून दिली आणि खिडकीजवळ जाऊन गप्प उभी राहिली. मला आणायला सकाळपासून विमानतळावर बसली होती, थकली असेल.

११ जानेवारी, रविवार

आज बोट पाहिली. दोन घरांएवढी लांब, वर शिडाचा खांब आमच्या गावच्या पाण्याच्या टाकीहून उंच. बोटीचा कॅप्टन डेसमंड नावाचा म्हातारा, इथलाच, उंच ताड. त्याच्या हाताखाली दोघीच, एक रविता आणि दुसरी किशा नावाची पोरगी. उद्या कॅनडाचे चार पाहुणे येणार, मग कॅरिआकू नावाच्या दुसऱ्या बेटाकडे जायचं.

रविताने मला नियम सांगितले. समुद्रात कागद टाकायचा नाही, प्लास्टिक टाकायचं नाही, प्रवाळाला हात लावायचा नाही. माझ्याच पोरीने मला नियम सांगावे! लहानपणी हिला नाक पुसायला मी शिकवलं. ऐकून घेतलं.

सकाळी मात्र फजिती झाली. तलावावर गेल्यासारखी काठावर बसून ओंजळभर पाणी तोंडात घेतलं चूळ भरायला. अगं आई गं! मीठ की विष! खारं असते हे पुस्तकात वाचलं होतं, पण तोंडाला काय ठाऊक? किशा पोट धरून हसली. मीही हसली.

रविताशी लग्नाचं बोलायचं आज ठरवलं होतं. पण ती दोर गुंडाळण्यात गुंतली होती. उद्या बोलीन.

१२ जानेवारी, सोमवार

शिडं लावली आणि इंजिन बंद केलं. एकदम सगळं शांत, नुसतं वारं आणि पाणी. एवढी मोठी बोट डिझेलशिवाय चालते हे रविताच्या बाबांना सांगितलं तर म्हणतील, मग आपल्या मोटरपंपाने काय पाप केलं?

नंतर दोन तास मी बादलीला मिठी मारून होती. एकदा बादली चुकली आणि कॅप्टनच्या स्वच्छ फळ्यांवर ओकली. रविताने धुतलं, मला आल्याचा तुकडा चघळायला दिला. दुपारून बरं वाटलं.

रविता आणि कॅप्टन सुकाणूजवळ बराच वेळ बोलत होते. तिने त्याला एक पाकीट दिलं. मग तो माझ्या बाजूने गेला तर माझ्याकडे असं पाहिलं, जशी मी त्याची दुभती गाय सोडून नेली. एवढं काय? फळ्या धुतल्या ना! म्हाताऱ्या माणसाला इतका राग बरा नाही.

बोलायचं राहिलं. पोट बिघडलेल्या बाईने लग्नाचा विषय काढू नये.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिळाचे लाडू घरून आणले होते, सगळ्यांना दिले. कॅनडाच्या दोन्ही बायांना हळदीकुंकू लावलं, त्यांनी फोटो काढले. कॅप्टनला लाडू दिला आणि रविताला म्हटलं, ह्याला सांग गोड बोल. तिने सांगितलं. त्याने लाडू पाहिला, मला पाहिलं, मान हलवली आणि तसाच निघून गेला. अजून फळ्यांचंच धरून बसला.

घरी फोन लावला.

"काय जी, जागेश्वरभाऊंना फोन केला का?"

"लागूनच नाही राहिला. नेटवर्क नाही."

"तिरोड्यात नेटवर्क नाही अन् मी समुद्रात बोलून राहिली?"

"आजकाल असंच आहे," म्हणाले. मग विचारलं, "पोरगी खूश आहे का?"

मी म्हटलं, खूश नसायला काय झालं, नाचून राहिली नुसती. ते म्हणाले, "बरं." आणि म्हशीचं सांगत बसले.

दुपारी रविताने मला पाण्यात उतरवायचा घाट घातला. तोंडावर काचेचा मुखवटा, तोंडात रबरी नळी, नळीचं टोक वर. नाकाने श्वास घ्यायचा नाही म्हणे! एकावन्न वर्षं नाकाने घेतला, आता हिच्या सांगण्यावरून बंद करू? वरून मुखवट्यात थुंकायला लावलं, काच धूसर होत नाही म्हणते. थुंकली. तोंड पाण्यात घातलं, घाबरली, पाणी गिळलं, शिडी धरून वर आली. सांगून टाकलं, मी नाही गा करत हे धंदे, तुझं तुलाच लखलाभ.

ती रागावली नाही. म्हणाली, "उद्या करू."

१५ जानेवारी, गुरुवार

आजचं लिहिताना हात थांबत नाही.

सँडी आयलंड म्हणून वाळूचा एक पट्टा आहे, तिथे उतरलो. पाहुण्यांना फिन दिले. फिन म्हणजे बदकासारखे रबरी पाय. ते घालून सरळ चाललं तर टोक दुमडते आणि माणूस तोंडावर पडते. रविताने सगळ्यांना सांगितलं, पाण्यात उलटं चालत जायचं, पाठ समुद्राकडे. कॅनडाचा तो जाड्या माणूस दोन पावलं गेला, मागे वळून पाहिलं आणि धपकन बसला. त्याची बायको त्याच्यावर. बाकी दोघं एकमेकांना धरून लटपट लटपट.

मी फिन घातले, वाकली आणि निघाली. उलट्या चालीने, एका लयीत, पाय न उचलता मागे सरकवत. मागे पाहायची काय गरज? चाळीस वर्षं धानाचा रोवणा केला, पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या रोपांची जुडी हातात घेऊन चिखलात उलटंच चालत आली. बांध कुठे आला हे टाचेला समजते. कमरेपर्यंत पाण्यात गेली तेव्हा समजलं, सगळे माझ्याकडे पाहून राहिले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. किशा ओरडून ओरडून विचारत होती, मम्मा, कुठे शिकली? आणि त्या खडूस कॅप्टनला पहिल्यांदा हसताना पाहिलं, पांढरे दात सगळे.

रविता जवळ आली. म्हणाली, "आई, आता रोवणाच कर. वाकायचं अन् खाली पाहायचं. बाकी सगळं तुले येते."

मी वाकली. खाली पाहिलं. आणि खाली गवत होतं, बाप्पा, हिरवंगार, वाऱ्यात धान हलते तसं हलत होतं, आणि त्यात एक कासव चरत होतं. गायीसारखं! तोडायचं, चावायचं, मान उचलून इकडेतिकडे पाहायचं, परत तोडायचं. मी किती वेळ पाहिलं ते माहीत नाही. नाकाची आठवणच राहिली नाही. रविताने माझा हात धरला होता, मग तिने तो कधी सोडला हेही समजलं नाही. अंगात ते फुगवलेलं जॅकेट होतं म्हणून बुडली नाही, पण मला तर वाटते जॅकेट नसतं तरी बुडली नसती.

वर आल्यावर अर्धा तास मी एकटीच बोलत होती. निळे मासे, पिवळे मासे, एक मासा तर पाटीसारखा चपटा. रविता ऐकत होती. तिने टॉवेलने माझे केस पुसले, मी तिचे पुसायची तसे.

लग्नाचा विषय आज काढणं बरं दिसलं नसतं. एवढ्या चांगल्या दिवसात कशाला?

१७ जानेवारी, शनिवार

काल दिवसभर पाण्यातच होती. लिहायला वेळ झाला नाही.

आज पाहुण्यांना टाकी बांधून खोल नेलं. मी बोटीवर बसली, तिथे मला परवानगी नाही. रविताला त्या काळ्या रबरी कपड्यात पाहिलं तर माझीच पोरगी ओळखू येईना. तिने हाताने खूण केली की सगळे थांबायचे. अंगठा वर केला की वर. पाय खाली सोडायचे की नाही, हवा किती उरली, सगळं तीच पाहायची, नुसत्या बोटांनी. तो जाड्या माणूस बँकेत मोठा साहेब आहे म्हणे, तोही लहान पोरासारखा मान हलवत होता.

ते खाली गेले. मी पाण्यावरचे बुडबुडे पाहत बसली. वीस-पंचवीस मिनिटं झाली आणि एका जागी बुडबुडे एकदम जोरात यायला लागले. कॅप्टन उठून उभा राहिला. मीही कठडा धरून उभी राहिली. मग पाणी फुटलं आणि साहेब वर आला, डोळे पांढरे, हातपाय झाडत. रविता त्याला छातीजवळून धरून होती. तिचा आवाज चढला नाही. ती त्याच्याशी इतकं हळू बोलत होती, जसं वासराला बोलतात. त्याने तिचा मुखवटाही ओढून टाकला, तिच्या गालाला ओरखडा आला, तरी तिने त्याला सोडलं नाही. शिडीपर्यंत आणलं, आधी त्याला चढवलं, मग स्वतः चढली, आणि चढल्या चढल्या बाकी तीन पाहुण्यांची डोकी मोजली. किशासोबत तेही वर आले होते.

साहेबाची बायको रविताच्या गळ्यात पडून रडली. कॅप्टन माझ्याजवळ येऊन बसला. एक एक शब्द सुटा करून म्हणाला, "युअर डॉटर. बेस्ट. बेस्ट आय हॅव." आणि परत ते तोंड, रागावलेलं नाही, दुसरंच काही. पोरीचं कौतुक करताना माणूस असा रडवेला कायले होते, मला नाही समजलं.

मलाही माझ्या बाबांनी असंच आणलं होतं. भंडाऱ्याहून, नर्सिंगच्या होस्टेलातून, शिकायला गेल्याच्या चौथ्या दिवशी. पेटी बांधलेली पाहून बाकीच्या मुली दारात उभ्या राहिल्या होत्या. स्थळ आलं होतं ना. त्यात काय वाईट झालं माझं? चांगला नवरा मिळाला, चांगली पोरगी झाली. हे आज इथे काऊन लिहिलं कोण जाणे. बुडबुड्यांकडे पाहून पाहून डोकं फिरलं असेल.

१८ जानेवारी, रविवार

रविता दिवसभर किशाला कामं समजावत होती. टाक्या कशा तपासायच्या, वहीत काय लिहायचं, कोणत्या खडकाजवळ पाणी ओढते. तिचं प्रमोशन होऊन राहिलं वाटते, म्हणून खालचं काम किशाकडे देऊन राहिली. जेवणात किशाने केक केला, वर रविताचं नाव. मी सगळ्यांत जास्त खाल्ला. मी सोडून कोणीच धड खाल्ला नाही, एवढा चांगला जायफळाचा केक.

प्रमोशन झालं तर तिला नेणं आणखी कठीण. उद्या बोलायचंच. परवा माझं विमान आहे.

१९ जानेवारी, सोमवार

आज बोलली. म्हणजे तोंड उघडलं आणि तीच बोलली.

ग्रेनाडाला परत आलो. ती तिचा मुखवटा गोड्या पाण्याने धुत होती. मी म्हटलं, "रविता, तुझ्याशी एक बोलायचं आहे." ती वर न पाहता म्हणाली, "माहीत आहे. उद्याचं तिकीट दोघींचं आहे, आई. मी येऊन राहिली तुझ्यासोबत."

"काय म्हणते तू?"

"बारा तारखेलाच राजीनामा दिला मी कॅप्टनले."

"कोणी सांगितलं तुले? बाबांनी?"

"बाबा कायले सांगतील? पहिल्या दिवशी गोळी काढताना फोटो सापडला. तू रायपूरच्या पलीकडे कधी गेली नाही. विमान नाही, इंग्रजी नाही, गळ्यात चिठ्ठी बांधून अर्धी दुनिया पार करून आली मले नेयाले. मंग मी कोणत्या तोंडानं नाही म्हणू?"

ती हसून म्हणाली. पण मुखवटा तिने तीनदा धुतला. धुतलेलाच परत धुतला.

जिंकली मी. एक शब्द न बोलता जिंकली. मग जेवण काऊन गेलं नाही?

आणि तो बिचारा कॅप्टन! मी त्याला खडूस म्हटलं. संक्रांतीच्या दिवशी त्याला गोड बोल म्हटलं! त्याची बोट अर्धी करून चालली होती मी आणि हातात लाडू ठेवत होती. धरणी फाटून पोटात घेईल तर बरं.

२० जानेवारी, मंगळवार

सकाळी रविता किशाला आपला मुखवटा देऊन राहिली होती. नवीन कशाला घेते, हा घे, मला गावात काय कामाचा, असं म्हणाली असेल. किशा घेईना. दोघी ओढाताण करत होत्या, मग दोघी गळ्यात पडल्या. मी खिडकीतून पाहिलं.

चप्पल घातली आणि सरळ बोटीवर गेली. वाट माहीत होती. कॅप्टन शिडाला टाके घालत बसला होता. मी समोर उभी राहिली.

"कॅप्टन. रविता पेपर. गिव्ह."

तो उठला. "पेपर?"

"रविता. नो कम इंडिया. रविता हिअर. वर्क." आणखी इंग्रजी होतं तेवढं गोळा केलं. "आय मदर. आय से."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग आत गेला, बिस्किटाच्या डब्यातून ते पाकीट काढून आणलं. देता देता थांबला, विचारलं, शुअर? एवढं समजते मला. मी पाकीट त्याच्या हातातून ओढूनच घेतलं आणि टराटरा फाडलं. पाण्यात भिरकावणार तेवढ्यात आठवलं, कागद टाकायचा नाही. मग तुकडे पदराला बांधले. त्या म्हाताऱ्याने माझे दोन्ही हात धरून असे हलवले की बांगड्या वाजल्या.

रविताला कळलं तर ती चिडली! खरोखर चिडली. "माझ्या नोकरीच्या मधात तू काऊन पडली? मले विचारलं का?"

"तुझ्या लग्नाच्या मधात पडणार होती, तेव्हाही विचारलं नव्हतं. हा गुन्हा तर लहानच झाला ना?"

"अन् बाबा? घरी तुम्ही दोघंच."

"दोघंच तर आहो किती वर्षांपासून. आम्हाले काय झालं? दिवाळीला यायचं. नाही आली तर मी परत येईन, आता मले वाट माहीत आहे."

ती रडायला लागली आणि हसायलाही. मी म्हटलं, लग्नाचं मी सोडलं नाही हं, ते पुढे पाहू, पण मुलाला आधी पाण्यात उतरवून पाहीन. नाकाने श्वास घेणारा नको आपल्याला.

मग घरी फोन लावला. म्हटलं, जागेश्वरभाऊंना नाही कळवून टाका.

"काय नाही कळवू? मी त्यांना काही सांगितलंच नाही."

"काऊन जी?"

तिकडे म्हशीला हाकलल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "तू तिले काम करताना पाहशील अन् आणणार नाही, असं वाटत होतं मले."

तीस वर्षं झाली लग्नाला. हा माणूस एवढा विचार करतो हे मला आज समजलं. घरी गेल्यावर आधी भांडीन, माझ्याशी खोटं बोलले म्हणून.

२२ जानेवारी, गुरुवार

विमानात. लंडनहून निघाली, मुंबईला जाऊन राहिली. नागपूरला ते घ्यायला येणार आहेत.

रविताने ऐनवेळी तिकीट रद्द केलं, म्हणून माझ्या बाजूची खुर्ची रिकामीच आहे. विमानतळावर मी रडली नाही. ती रडली, मी तिची पाठ थोपटली. आत येऊन बसल्यावर मात्र जे सुरू झालं ते पदराचं टोक ओलं होईपर्यंत थांबलं नाही. आता लिहून राहिली तर बरं आहे.

मघाशी विमानातली पोरगी आली, हिंदी बोलणारी. माझी पिशवी खाली ठेवायला लागली आणि खुर्चीकडे बोट करून म्हणाली, "माँजी, यहाँ कोई आनेवाला है क्या?"

मी पिशवी परत खुर्चीवर ठेवली. म्हटलं, "नहीं बेटा. मेरी लड़की आनेवाली थी इधर. वो काम पर है. समंदर में लोगों को मछली दिखाती है."